हलायचं नाही

चित्रकलेच्या बाई चहाचा कप घेऊन वर्गात परत आल्या, तेव्हा इस्त्रीताई चौथऱ्यावर दुखरे गुडघे टेकून ओल्या फडक्याने त्याच्या लाकडी फळ्या घासत होती.

"मावशी, हे काय करताय?"

"काही नाही, जरा पुसून घेतेय. कुणीतरी खडूने रेघोट्या मारून ठेवल्यात. पोरंसोरं येतात वाटतं इथे."

बाईंचा कप ओठांपर्यंत जाता जाता थांबला. त्यांच्यामागून हेडसर आत आले. हे वर्गात चित्र शिकायला येणारे निवृत्त मुख्याध्यापक, आणि निवृत्त झालोय हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. चौथऱ्याकडे पाहून ते म्हणाले, "संपलं. आता ताईंचे पाय कुठे होते, ते पायांनाच विचारा."

रेघोट्या पोरांच्या नव्हत्या. बाईंनीच त्या मारल्या होत्या, खुर्चीच्या चारी पायांभोवती आणि इस्त्रीताईच्या दोन्ही पावलांभोवती. बसणारा माणूस विश्रांतीला उठला की परत त्याच जागी, तसाच बसता यावा म्हणून ही खूण करतात. एक बोट इकडचं तिकडे झालं तरी खांदा वळतो, सावली सरकते आणि दहा-बारा जणांची तासाभराची मेहनत पाण्यात जाते. इस्त्रीताईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला चौथऱ्यावर डाग दिसला, हाताशी फडकं दिसलं, आणि पुढचं हातांनीच केलं.

"मी काय केलं?" तिने घाबरून विचारलं.

"स्वतःलाच पुसलंत," बाई म्हणाल्या आणि हसत सुटल्या. मग सगळाच वर्ग हसला. इस्त्रीताई मात्र हसली नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पहिल्याच दिवशी एवढं एक साधं काम, नुसतं बसायचं, तेही तिला नीट जमलं नव्हतं.

ती इथे आली होती गुडघ्यांसाठी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, व्यायाम करा, नाहीतर पुढच्या वर्षी ऑपरेशनचं बघू. जुन्या शाळेच्या इमारतीत एक केंद्र चाले, तिथे गुडघ्यांचा वर्ग होता. तिथे काय नव्हतं? एका दारातून बायकांचा गाण्याचा सराव ऐकू यायचा. पलीकडच्या दारामागे म्हातारी माणसं कॉम्प्युटरसमोर बसून, उंदीर धरावा तसा माउस धरायची. शिवण होतं, मातीकाम होतं. श्वासाचा एक वर्ग होता. त्यात सगळे डोळे मिटून बसत, आणि निम्मे चक्क झोपत. त्या दिवशी गुडघ्यांचा वर्ग आटोपून इस्त्रीताई कॉरिडॉरमधल्या बाकावर बुटांच्या नाड्या बांधत होती. शेजारच्या दारातून एक काटकुळी, आखूड केसांची बाई डोकावली आणि तिच्याकडे बघतच राहिली.

"तुम्ही आत येऊन बसाल का? आमचे नेहमीचे काका आजारी पडलेत."

"काय करायचं असतं?"

"काही नाही. बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

इस्त्रीताईने बूट पुन्हा काढले. असलं काम तिला उभ्या जन्मात कुणी देऊ केलं नव्हतं.

तो सगळा जन्म उभ्यानेच गेला होता, हे काही नुसतं बोलायचं म्हणून नाही. एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती नोकरीला लागली ती चादरींवर, आणि निवृत्त झाली तीही चादरींवरच. वाफेची दाबइस्त्री. उजव्या हाताने दांडा खाली ओढायचा, वाफ सुटली की वर सोडायचा, की पुढची चादर. तिथे बसायला एक स्टूल होतं. त्यावर घड्या ठेवायच्या. सगळं हॉस्पिटल तिला इस्त्रीताई म्हणे. खरं नाव पगाराच्या दिवशी एकदा निघायचं तेवढंच.

घरी वेगळं काही नव्हतं. नवरा वाईट नव्हता, हे ती अजूनही आवर्जून सांगे. त्याने कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. तो फक्त हाक मारायचा. हाक आली की ती उठायची. मग मुलगा झाला, तोही हाक मारायला शिकला. ताटावर बसली आणि मध्ये उठावं लागलं नाही, असं एकही जेवण तिला आठवत नव्हतं. शेवटी तिने बसणंच सोडून दिलं. ओट्याशी उभ्याउभ्याच चार घास गिळायचे, म्हणजे उठण्याचा त्रास वाचतो. नवरा गेला, नोकरी संपली, आणि ती मुलाकडे राहायला आली. मुलगा मोठ्या फर्निचरच्या दुकानात विक्रेता. दिवसभर लोकांना सोफ्यावर बसवायचं, हे त्याचं काम. "बसून तर बघा," हे वाक्य तो इतक्या लाघवीपणाने म्हणे की उभं राहायचा निश्चय करून आलेला माणूसही टेकायचा. त्याच्या घरात तसाच एक मऊ, करडा सोफा होता. इस्त्रीताई त्याच्या कडेवर बसे. पाठ टेकवलेली तिला कुणी पाहिली नव्हती.

तर अशी बाई त्या चौथऱ्यावर बसली. पहिला अर्धा तास तिला ठार वेड लागेल असं वाटलं. नाक खाजलं, कान खाजला, घरी गॅस बंद केला की नाही ते आठवेना. कोपऱ्यातल्या बादलीवरचा नळ ठिबकत होता, आणि तो बंद करायला कुणी उठत नव्हतं. दहा-बारा माणसं तिच्याकडे टक लावून बघत होती. असं कुणी बघितलं की काहीतरी हवं असतं, एवढं तिला ठाऊक होतं. पाणी हवं असतं, चादर हवी असते, सकाळचा शर्ट सापडत नसतो. ती वाट बघत राहिली. कुणी काही मागितलं नाही.

मग केव्हातरी तिची पाठ आपोआप मागे गेली आणि खुर्चीला टेकली. नळ ठिबकत होता, ठिबकू दे. तिला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि हलायचं नसल्यामुळे ते पुसताही आले नाहीत.

आणि नेमकं त्यानंतरच्या विश्रांतीत तिने ते खडूचे पाय पुसून टाकले होते.

"पुढच्या गुरुवारी या," बाई जाताना म्हणाल्या. "फडकं मात्र घरी ठेवून या."

ती गेली. पुढच्या गुरुवारी गेली, त्याच्या पुढच्याही. नेहमीचे काका बरे झाले, तेव्हा हेडसरांनी त्यांना परस्पर मातीकामाकडे वळवलं, आणि अशी कामं सर निवृत्तीआधीही चोख करत असत. घरी तिने एवढंच सांगितलं, की गुरुवारी गुडघ्यांना जास्त वेळ लागतो. ते अगदीच खोटं नव्हतं. गुडघे तिच्याबरोबरच होते.

सत्र संपलं तशी चित्रं कॉरिडॉरमध्ये लागली. ती काढताना बसणाऱ्याला दाखवायची नाहीत, असा बाईंचा नियम होता, त्यामुळे इस्त्रीताईनेही ती तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. एका भिंतीवर डझनभर इस्त्रीताई. कुठे नाक मोठं, कुठे मानच नाही. हेडसरांच्या चित्रातली बाई तर भलतीच होती, गोरी आणि रागीट. "ही माझी आत्या," ते खजील होऊन म्हणाले. "कुणालाही काढायला घेतलं की तीच येते. मरून जमाना झाला, पण वर्ग सोडत नाही."

शेवटचं चित्र एका बसड्रायव्हरचं होतं. तो मागे बसायचा आणि कधी बोलायचा नाही. त्याने ती होती तशी काढली होती. सुजलेले अनवाणी पाय, अंगठ्याजवळचं वाढलेलं हाड, मांडीवर उताणे पडलेले मोठे हात, मनगटावर वाफेने भाजल्याचा डाग. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. आयुष्यभर दांडा ओढून तो उतरलाय, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. चेहरा थकलेला होता. पण ती थकलेली बाई खुर्चीत अशी बसली होती की तिला उठवायची कुणाची छाती होऊ नये. इस्त्रीताई त्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. आपण कुणाला तरी बऱ्याच वर्षांनी भेटतोय, असं तिला वाटलं.

रविवारी सकाळी ती सोफ्याच्या कडेवर बसून मटार सोलत होती. मुलगा समोर येऊन उभा राहिला.

"आई, तू त्या केंद्रात काय करतेस?"

"गुडघ्यांचा वर्ग."

"आणि गुरुवारी?"

तिने एक शेंग सोलली. "गुरुवारी बसते."

"बसते म्हणजे?"

"बसते म्हणजे बसते. ते चित्र काढतात."

मुलाने कपाळाला हात लावला. "म्हणजे खरं आहे तर. काल एक गिऱ्हाईक आलं होतं. जुनं गिऱ्हाईक, चांगली माणसं. सोफा बघता बघता म्हणतात, तुमच्या आईंचं चित्र लागलंय केंद्रात. मला वाटलं, बक्षीस-बिक्षीस मिळालं असेल. मी आपला हसलो. तर म्हणतात, फार थकल्यात हो, पायात चपलाही नाहीत. घरी सगळं ठीक आहे ना?" तो थांबला. "घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं मला. भर दुकानात, चार माणसांत."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? सोफ्याची किंमत सांगितली."

आत ओट्याशी सून फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली.

"मी तुला काय कमी केलंय, आई?"

"काही नाही." हे अगदी खरं होतं.

"चपलांचे तीन जोड आहेत तुझ्याकडे. तीन."

"चपला काढूनच बसायचं असतं. पाय दिसायला हवेत म्हणतात बाई."

"अगं पण का? कुणाला बघायचेत तुझे पाय? इथे मी तुझ्यासाठी मरमर मरतो आणि गावभर बोभाटा काय, तर ह्याची आई अनवाणी बसते."

"तू पाहिलंस का ते चित्र?"

"बघायचं कशाला? तुला रोज बघतोय की मी."

यावर इस्त्रीताईला बरंच बोलता आलं असतं. तिने मटार सोलले.

"ते काही नाही," मुलगा म्हणाला, आता जरा मऊ आवाजात. गिऱ्हाईक वळतंय असं वाटलं की तो असाच मऊ होई. "गुडघ्यांना जा. गाण्याला जा, कॉम्प्युटर शीक, माझी ना नाही. पण हे बसणं बंद. आणि गुरुवारी पोरगी शाळेतून लवकर येते, तिला दार उघडायला कुणी नको? ठरलं मग."

ती काही बोलली नाही. आजवर त्या घरात, आणि त्याच्या आधीच्या घरातही, ती गप्प राहिली की होकार धरला जायचा, कारण तो होकारच असायचा. मुलगा निश्चिंत होऊन अंघोळीला गेला.

राग तिला मागाहून आला. दुपारी भांडी घासताना एकदम आला, पोटातून वर, दूध उतू यावं तसा. चार लोक काय म्हणतील याची काळजी करायला ह्याला वेळ आहे, आणि चार पावलांवर आईचं चित्र टांगलंय ते बघायला नाही. चांगलं दिसायचं होतं म्हणून का बसले मी? तिने पातेलं इतकं घासलं की बुडाचा जुना काळा डाग निघाला. तो डाग लग्नाइतका जुना होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून कामावरून आली. ती एका वकिलाकडे टायपिंगला होती. घरात कमी बोलायची, दिवसभर दुसऱ्यांचंच बोलणं टाइप करून कंटाळलेली असायची. पर्स खुंटीला अडकवता अडकवता ती म्हणाली, "बघून आले मी."

"काय?"

"चित्र. जेवणाच्या सुट्टीत गेले होते." मग ती म्हणाली, "आई, तुमचा उजवा खांदा खाली आहे. एवढी वर्षं एका घरात आहोत. माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

"माझ्या तरी कुठे आलं होतं?"

"गुरुवारी पोरीला दार मी उघडेन. साहेबांना सांगितलंय मी." ती आत गेली आणि परत बाहेर आली. "ह्यांना मात्र तुम्हीच सांगायचं. मी मध्ये पडायची नाही."

"सांगते," इस्त्रीताई म्हणाली. आणि सांगितलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. भीती वाटत होती म्हणून नव्हे. आपण बसतो तर बसतो, त्यासाठी कुणाची परवानगी मागायची, हेच तिला आता पटेना.

नव्या सत्रात बाईंनी गेल्या गुरुवारपासून लांबची बैठक धरली होती. रंग होते, आणि एकच बैठक बरेच गुरुवार चालायची होती. त्यामुळे चौथऱ्यावरचे खडूचे पाय आता आठवडाभर तसेच राहायचे. झाडणाऱ्या बाईला ताकीद होती. इस्त्रीताईने चपला काढल्या, पावलं त्या पांढऱ्या रेघांच्या आत ठेवली, पाठ टेकवली. "हलायचं नाही," बाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या. ब्रशांची कुजबुज सुरू झाली.

थोड्या वेळाने दार उघडलं. तिने मान वळवली नाही, पण बुटांचा आवाज ओळखला. दुकानाचे बूट. चालताना ते करकरत.

मुलाने दुपारी घरी फोन केला होता. फोन सुनेने उचलला. ती मध्ये पडणार नव्हती, पण खोटंही बोलणार नव्हती.

"आई," मुलगा दारातूनच म्हणाला. "चल. ऊठ."

वर्गातले सगळे ब्रश थांबले. बाई पुढे झाल्या. "विश्रांतीपर्यंत थांबावं लागेल. बैठक चालू आहे."

"माफ करा, मॅडम, माझं तुमच्याशी काही नाही. मी माझ्या आईशी बोलतोय." तो चौथऱ्यासमोर आला. दुकानाचा निळा कोट, छातीवर नावाची पट्टी. काम टाकून आला होता तो, हे तिला दिसलं, आणि वाईटही वाटलं. "आपलं ठरलं होतं ना? ऊठ. घरी जाऊन बोलू."

इस्त्रीताई समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होती. बाईंनी तिला नजर ठेवायला तो खिळा नेमून दिला होता.

"आई, मी काय म्हणतोय?" आवाज चढला. तिच्या नवऱ्याचा आवाज कधी असा चढला नव्हता. त्याच्यावर तशी वेळच आली नव्हती.

तिने खिळा सोडला नाही.

"जरा बाजूला होता का?" हेडसर ब्रश उंच धरून म्हणाले. "तुमचं चालू द्या. पण तुम्ही उजेडात उभे आहात. आमच्या ताई अर्ध्या काळ्या पडल्यात."

मुलगा नकळत बाजूला झाला. अजूनही मुख्याध्यापकांनी सांगितलं की माणसं सरकतात. तो आता तिच्या डाव्या हाताला आला, अगदी जवळ. खाली वाकला. आणि यावेळी हळू बोलला, इतकं हळू की फक्त तिलाच ऐकू जावं.

"आई. ऊठ ना गं."

हे मात्र कठीण होतं. हा आवाज दुकानातला नव्हता. ताप आला की, तहान लागली की, झोपेत घाबरला की तो असाच हाक मारायचा, आणि ती धुलाईखान्यातून आल्या पायी, भरल्या डोळ्यांनी, कशीही असली तरी उठायची. आता तिचं सगळं अंग उठायला निघालं. टाच उचलली जाऊ पाहत होती. पोटऱ्या ताठल्या. उजवा हात तर मांडीवरून निम्मा सुटलाच. तिने तो मनानेच पकडला आणि पुन्हा खाली दाबून ठेवला. मी उठले तर तुला चालेल, पुन्हा सगळं पहिल्यासारखं चालेल, असं ती आत म्हणाली. पण मी पुन्हा बसायची नाही. ह्या जन्मात नाही.

ती हलली नाही.

मुलगा सरळ झाला. काय करावं ते त्याला कळेना. हात धरून ओढणारा मुलगा तो नव्हता, आणि हाक मारूनही आई उठत नाही, हे त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. मागच्या रांगेतल्या बसड्रायव्हरने काही न बोलता पायाने एक रिकामं स्टूल पुढे सरकवलं. मुलगा त्यावर बसला. मग दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून, सगळे बघत होते तिकडे तोही बघू लागला.

बघायची सवय त्याला होती. माणूस कसा बसतो यावरून तो माणूस ओळखायचा. हा नुसता टेकतोय, हा घेणार नाही. ही मागे रेलली, हिला आवडलं. घरच्या करड्या सोफ्यावर आई कडेला का बसते, असा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. इथे ती एका साध्या लाकडी खुर्चीत पूर्ण पाठ टेकून बसली होती. तो बघत राहिला. त्याच्या खिशात फोन दोनदा वाजला आणि आपोआप बंद झाला.

विश्रांतीची घंटा झाली. सगळे चहाला उठले, आणि बाईंनी जाताना हेडसरांना बाहीला धरून बरोबर नेलं, नाहीतर ते थांबले असते. इस्त्रीताई खुर्चीला धरून उठली. पाय बधिर झाले होते. मुलाने हात पुढे केला. तिने तो धरला नाही, पाय जागे होईपर्यंत तशीच उभी राहिली.

"सगळ्यांसमोर माझा असा अपमान करायचा होता तुला?"

"सगळ्यांसमोर मला उठवायला तू आलास."

"तू एक शब्द बोलली नाहीस."

"बोललं की हनुवटी हलते."

मुलाने सुस्कारा टाकला. "आई, लोक बोलतात गं."

"बोलू देत. बसलेली बाई बघितली नसेल त्यांनी." मग ती त्याच्याकडे नीट वळली. "हे बघ. तू हाक मारलीस की मी उठले. तुझ्या बापाने मारली, उठले. तिकडे नर्सने मारली, उठले. मला त्याचं दुःख नाही. अजूनही उठेन. सोमवारी उठेन, शनिवारी उठेन, पोरगी आजारी असली तर रात्रभर उठून बसेन. पण गुरुवारी दुपारी मी इथे बसणार. आणि तू काय, कुणीही हाक मारली तरी उठायची नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर तू नाही म्हणालास, एवढंच होईल."

त्याची नजर खुर्चीवर गेली. सवयीने त्याने पाठीवर हात ठेवून ती हलवून पाहिली. "मागचा एक पाय आखूड आहे हिचा. डुगडुगते. तासन्‌तास बसायची ही खुर्ची नव्हे. दुकानातून एखादी आणून देतो, हात असलेली."

"नको. मला हीच हवी."

"कंबर धरेल."

"धरू दे."

माणसं चहाचे कप घेऊन आत येऊ लागली. "रात्री बोलू," तो म्हणाला.

"बोलू. आता विश्रांती संपली."

बाहेर पडायची वाट आता चौथऱ्यावरूनच होती, कारण विश्रांतीला उठताना सगळ्यांनी ओल्या चित्रांचे लाकडी घोडे दोन्हीकडे सरकवून ठेवले होते. मुलाने पाऊल उचललं, आणि खाली बघितलं. पांढऱ्या रेघांची दोन पावलं होती. आत कुणी नव्हतं. ती पावलं रुंद होती, अंगठ्याशी फुगलेली. करकरणारे बूट त्याने जपून त्यांच्या बाजूने टाकले आणि तो पलीकडे उतरला.

इस्त्रीताईने ते पाहिलं. रेघ एका ठिकाणी पुसट झाली होती. तिने बाईंच्या टेबलावरचा खडू घेतला, खुर्चीत बसली, पाऊल आत ठेवलं आणि कमरेत वाकून, स्वतःच्या हाताने, ती रेघ पुन्हा ओढली. दाबून ओढली. मग दुसऱ्या पायाभोवती. खडू मोडला, तेव्हा उरलेल्या तुकड्याने पुरी केली.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"हलायचं नाही."

तिने पाठ टेकवली, हात उताणे केले, खिळा शोधला. दार उघडंच राहिलं होतं. बुटांची करकर कॉरिडॉरमधून लांब जात होती. जिथे चित्रं लावली होती, साधारण तिथे ती मंदावली. आणि थांबली.

मान वळवली असती तर दारातून तो दिसला असता. कुठल्या चित्रासमोर उभा आहे, किती वेळ उभा आहे, चेहरा कसा झालाय, सगळं दिसलं असतं. तिला फार, फार बघावंसं वाटलं. तिने खिळ्यावरची नजर काढली नाही. गाण्याच्या वर्गात कुणीतरी तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, आणि बूट अजून वाजत नव्हते.